वाड्यातला नंदी, दीपलक्ष्मी आणि सायकलच्या चेनचा मोर, एकाच हॉलमध्ये कसे मांडू?

वाड्यातली_सून

नमस्कार मंडळी, थोडं लांबण होईल, सांभाळून घ्या. आमचा नागपूरच्या महाल भागातला वाडा मागच्या वर्षी भावाभावांत वाटून झाला अन् दिवाळीनंतर आम्ही बेसा रोडला तिसऱ्या माळ्यावर फ्लॅटमध्ये आलो. वाड्यात काय, जागाच जागा, कोनाडा रिकामा दिसला की सासूबाई काहीतरी नेऊन ठेवायच्या आणि ते तिथंच ४० वर्षं राहायचं. इथं हॉल ११ बाय १७ चा, एक भिंत टीव्हीने खाल्ली, एका खिडकीत कूलर, आणि जे उरलं त्यात आमच्या वाटणीला आलेली मंडळी बसवायची आहेत.

मुख्य मानकरी म्हणजे तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोरांच्या पोळ्याचा, लाकडी नंदी. सागवानी, दोन फूट उंच, खाली चाकं, आजेसासऱ्यांनी सासऱ्यांसाठी करून घेतलेला, आणि सासरे आज ७४ चे आहेत म्हणजे हिशोब तुम्हीच करा. दरवर्षी त्याला रंग चढत गेला. डाव्या शिंगाला जिथं खरचटलं तिथं बघितलं तर वर पांढरा, खाली हिरवा, त्याखाली लाल, असे कांद्याच्या पापुद्र्यासारखे थर दिसतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हा घराबाहेर निघतोच. आधी सासरे न्यायचे, मग आमचे हे, आता माझा सात वर्षांचा पोट्टा नेतो, बोजारा (घरोघरी मिळणारी ओवाळणी) गोळा करतो आणि संध्याकाळी आईस्क्रीममध्ये उडवतो.

मग पितळी दीपलक्ष्म्यांची जोडी, साधारण फूटभर, काळपट पडलेली. मग एक दगडी तुकडा, अर्धवट कोरलेला, कुणाचा तरी कमरेपासून खालचा भाग आणि शेजारी एक छोटी आकृती, हा सासऱ्यांच्या मामांच्या रामटेककडच्या शेतात निघाला होता म्हणतात. मग ह्यांच्या मित्रांनी वास्तूला दिलेलं पांढरं फायबरचं बुद्धाचं डोकं. आणि शेवटी माझी स्वतःची हौस, सायकलच्या चेन, स्पार्क प्लग आणि जुने चमचे वेल्डिंग करून बनवलेला अडीच फुटी मोर, एका आर्ट कॉलेजच्या पोराकडून प्रदर्शनात घेतला, सगळे हसले मला, पण मला तो आवडतो.

आता घरात तीन मतं आहेत. हे म्हणतात एक मोठा काचेचा शोकेस करू आणि सगळं त्यात घालून मोकळं होऊ. सासूबाई म्हणतात नंदी देवाजवळ. आणि इंटेरियरवाला म्हणून राहिला की नंदीला ऑफव्हाइट पीयू रंग मारून घ्या, सोफ्याशी मॅच होईल, दीपलक्ष्म्या बफिंग करून सोन्यासारख्या करा. मला हे ऐकूनच कसंतरी झालं पण माझ्याकडे उत्तर नव्हतं. जुनं आणि नवं एकत्र चांगलं दिसतं का? कुठं काय ठेवू? शोकेस करू का नको?

अबे_थांब

नंदीला ऑफव्हाइट मारायला सांगणाऱ्याला आधी घराबाहेर काढा ताई, बाकी चर्चा नंतर.

लाईटवाला_काका

मी डिझायनर नाही, पण २२ वर्षं धरमपेठेत फोटो स्टुडिओ चालवला आहे, त्यामुळे उजेडाचं तेवढं कळतं, तेवढंच सांगतो.

शोकेस नको. कारण साधं आहे, शोकेसच्या वरच्या फळीला ट्यूब असते, ती सरळ डोक्यावर पडते, आणि डोक्यावरून उजेड पडला की मूर्तीचे डोळे भुवयांच्या सावलीत जातात, नाकाची सावली ओठावर येते, चेहरा रुसल्यासारखा दिसतो. लग्नाच्या हॉलमध्ये झुंबराखाली काढलेले फोटो आठवा. शिवाय समोर काच, तिच्यात टीव्ही दिसतो, तुम्ही दिसता, खिडकी दिसते, फक्त मूर्ती दिसत नाही. फोटोला सपाट उजेड चालून जातो, मूर्तीला चालत नाही, मूर्तीचं सगळं काम सावलीवर असतं. एक उजेड, एका बाजूने, थोडा वरून. दुसरीकडून दुसरा लावला की सावल्या एकमेकींना खातात आणि दगडसुद्धा थर्माकोलसारखा दिसायला लागतो. पिवळसर एलईडी घ्या, ३००० केल्विन लिहिलेलं असतं खोक्यावर, पितळ आणि लाकूड दोन्ही त्यात खुलतं. पांढऱ्या ६५०० वाल्यात पितळ आजारी दिसतं.

ताई एक प्रयोग करा, फुकट आहे. रात्री हॉलचे सगळे दिवे बंद करा, मोबाईलचा टॉर्च घ्या आणि त्या दगडी तुकड्याभोवती हळूहळू फिरवा, अगदी बाजूने, दगडाला घासून जाईल असा. दिवसा जे नुसतं खडबडीत वाटतं तिथं वस्त्राच्या चुण्या, कमरेचा पट्टा, काहीतरी नक्की उठून येईल. जिथं टॉर्च धरल्यावर तुमच्या तोंडातून "अय्या" निघालं तिथंच इलेक्ट्रिशियनकडून पॉइंट काढून घ्या.

उंचीचं म्हणाल तर लोक उभं राहून ठरवतात आणि मग आयुष्यभर बसून बघतात. सोफ्यावर बसल्यावर नजर जमिनीपासून साडेतीन ते चार फुटांवर असते. लहान मूर्तीचा चेहरा त्याच्या आसपास यावा. नंदी मात्र खाली, फार तर वीतभर उंच पाटावर. बैल माणसाने वरून बघायचा प्राणी आहे, त्याच्या पाठीवर हात गेला पाहिजे.

आणि सगळं एकदम मांडायची घाई कशाला करता? तुमच्या सासूबाईंच्या कोनाड्यात एका वेळी एकच वस्तू होती म्हणून तर ती दिसत होती ना.

समईची_वात

बफिंगवर मी बोलते कारण माझं तोंड भाजलेलं आहे.

माझ्या आजीची दीपलक्ष्मी होती. आजी रोज अंघोळ करून आली की तिच्या कपाळाला कुंकू लावायची, अंगठ्याजवळच्या बोटाने नाही, अनामिकेने, थोडं दाबून. तेच तिच्या सासूने केलेलं. त्यामुळे त्या मूर्तीच्या कपाळावर एक बारीकसा खळगा पडला होता, डाळीच्या दाण्याएवढा, बोट तिथं आपोआप बसायचं. घर बदललं तेव्हा मी हौसेने ती भांड्याच्या दुकानात बफिंगला दिली, दुकानदाराने अगदी मनापासून काम केलं हो, झळझळीत करून दिली. खळगा गेला. नाकाची कड गेली, डोळ्यांच्या रेषा गेल्या, ओठ तर एखाद्या बाहुलीसारखे गुळगुळीत. बफिंगचं चाक घाणच काढत नाही, धातूचा थर काढतं, आणि बारीक काम असतं ते सगळं त्या वरच्या थरातच असतं. आजी तेव्हा होती. तिने बोट कपाळावर नेलं आणि काही बोलली नाही.

तर काळपट आहेत त्या असू द्या. चिंच-लिंबूसुद्धा जपून, ज्या समया तुम्ही रोज लावता त्यांना ठीक आहे, पण शोभेच्या जुन्या पितळेला चिंचेत जास्त वेळ ठेवलं की ते गुलाबी दिसायला लागतं, आंबटाने वरचं जस्त निघून जातं आणि तांबं वर येतं. मऊ ब्रश, कोमट पाणी, साबणाचा थेंब, लगेच पुसून उन्हात पूर्ण वाळवायचं, पाणी खाचांमध्ये राहता कामा नये. मग मधमाशीचं मेण अगदी नावापुरतं लावून सुती कापडाने घासायचं. काळा-तपकिरी रंग म्हणजे घाण नव्हे, तो त्या धातूचं पांघरूण आहे. फक्त कुठं फिकट हिरवी भुकटी सुटत असेल आणि पुसली तरी पुन्हा येत असेल तर ते वेगळं दुखणं, क्षारामुळे धातू आतून खाल्ला जात असतो, ते जाणकाराला दाखवा. तुमच्याकडे कूलर आहे आणि बोअरचं पाणी असेल तर कूलरच्या समोर पितळ ठेवूच नका, जाळीवर जो पांढरा थर जमतो ना तोच उडून सगळ्यावर बसतो.

निवृत्त_मास्तर

दगडी तुकड्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. इतिहास शिकवायचो, त्यामुळे राहवत नाही.

रामटेक-मनसर हा वाकाटकांचा, म्हणजे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या राजघराण्याचा, टापू आहे. मनसरला सापडलेली शिवाची मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. याचा अर्थ तुमच्याकडचा तुकडा तेवढा जुना आहे असा अजिबात नाही, तो दीडशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या देवळाचाही असेल किंवा एखाद्या पाथरवटाचं अर्धवट सोडलेलं काम असेल. पण आधी तपासून घ्या, मग लाईट लावा. पुरावस्तू आणि बहुमोल कलावस्तू कायदा १९७२ चा आहे, त्यात १०० वर्षांहून जुनी मूर्ती म्हणजे पुरावस्तू. घरात ठेवायला बंदी नाही, लोक उगाच घाबरतात, पण नोंदणी करावी लागते, विकायचा धंदा करायचा तर परवाना लागतो, आणि देशाबाहेर तर नेताच येत नाही, अमेरिकेतल्या मुलाला भेट म्हणूनसुद्धा नाही. जमिनीत सापडलेल्या वस्तूंसाठी तर त्याहून जुना, १८७८ चा कायदा आहे, किंमत दहा रुपयांवर असली की जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. दहा रुपये! तेव्हाचे दहा रुपये म्हणा, पण आकडा तोच.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं नागपूर मंडळ आहे आपल्याच गावात. चारही बाजूंनी फोटो काढा, शेजारी फूटपट्टी ठेवून, आणि कुठल्या शेतात कधी निघाला हे सासऱ्यांना जेवढं आठवतं तेवढं त्यांच्याकडूनच लिहून घ्या, हे आजच करा. कुठं सापडलं हे माहीत नसलं की दगड मुका होतो. आणि तोवर अजब बंगल्यात, आपल्या जुन्या संग्रहालयात, एक चक्कर मारून या मुलाला घेऊन. १८६३ पासून उभा आहे, आणि आपण नागपूरकर शाळेच्या सहलीनंतर तिकडे फिरकत नाही.

तेल, शेंदूर, सिमेंट, व्हार्निश काहीही लावू नका दगडाला. कोरडा ब्रश, बस.

कॉर्नर_प्लॉट

भंगलेली मूर्ती घरात ठेवूच नये, वास्तुदोष लागतो. विसर्जन करा.

निवृत्त_मास्तर

पुरावस्तू निघाली तर विसर्जन केल्यावर वेगळा दोष लागेल, त्याला कायद्यात कलम आहे.

इंदोरा_चौक

मी बुद्धाच्या डोक्याबद्दल बोलतो, राग मानू नका ताई, तुम्ही सहजच लिहिलंय आणि भेट आलेली वस्तू आहे हे समजतं.

आमच्या घरी बुद्धमूर्ती आहे, माझे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होते, त्यामुळे आमच्यासाठी तो शोपीस नाही. शहरात आता कुठंही जा, स्पा म्हणू नका, बार म्हणू नका, जिन्याखाली, शू-रॅकवर, वॉशबेसिनजवळ बुद्धाचं डोकं. नुसतं डोकं. हे डोकं आलं कुठून याचा विचार कोणी करत नाही. मूर्तिकाराने बहुतेक पूर्ण मूर्ती घडवलेली असते, डोकी सुटी झाली ती तोडली म्हणून. चीनमध्ये लॉंगमेनच्या लेण्यांत गेल्या शतकात कित्येक डोकी अशी छिन्नीने उडवून परदेशी संग्रहात विकली गेली, मागे धडं तशीच बसून आहेत. मग संग्रहालयात डोकी बघून लोकांना वाटलं हीच फॅशन.

आणि गंमत बघा, सांचीच्या तोरणांवर बुद्ध माणसाच्या रूपात कुठंच नाही. बोधिवृक्ष आहे, रिकामं आसन आहे, पावलं आहेत, धम्मचक्र आहे. शिल्पकाराने न दाखवता दाखवलंय. मी तर म्हणतो तुम्हाला हॉलमध्ये शांतता हवी असेल तर एखादं छान कोरलेलं पिंपळपान लावा, त्यात जास्त बुद्ध आहे.

मित्रांनी दिलंय, टाकवत नसेल, तर निदान उंचावर, स्वच्छ जागी, एकटं ठेवा. खाली चपला नको, आणि ३१ डिसेंबरच्या पार्टीचा टेबल त्याच्यासमोर नको. एवढंच.

वाड्यातली_सून

दादा, राग कसला, उलट मला कधी सुचलंच नाही हे. सध्या ते शू-रॅकवरच होतं. आत्ता उठून काढलं.

मास्तर, सासऱ्यांना विचारलं, त्यांनी एकदम विहिरीचं नाव, बांध, कोणता गडी होता सगळं सांगितलं, मला वाटलं होतं विसरले असतील. लिहून घेतलं. टॉर्चचा प्रयोगही केला काका, आणि त्या छोट्या आकृतीच्या हातात काहीतरी आहे, पंखा का चवरी कळत नाही, पण आम्ही पाचही जण जमिनीवर पालथे पडून बघत होतो रात्री साडेअकराला.

आता नंदीचं आणि मोराचं सांगा कोणी. नंदीच्या पोटाखाली बारीक छिद्रं आहेत आणि पाठीवर एक लांब भेग. मोर दोघांनी उचलावा लागतो, स्लॅबला काही होणार नाही ना?

रंधा_आणि_पटाशी

नंदीचं मी सांगतो, आमचं घरच सुतारकामाचं, पोळ्याच्या आधी महिनाभर घरात नंदीशिवाय दुसरं बोलणं नसते.

छिद्रांचं पहिले बघा. नंदीखाली काळा कागद टाका अन् आठ दिवस हलवू नका. कागदावर मैद्यासारखा भुसा पडला तर कीड जिवंत आहे, नाही पडला तर ती जुनी खाऊन गेलेली आहे, काही करायची गरज नाही. जिवंत असली तर हार्डवेअरमध्ये लाकडाच्या किडीचं औषध मिळते, इंजेक्शनच्या सुईने एकेका छिद्रात सोडायचं, हातमोजे घालून, गॅलरीत, अन् पोराला दोन-तीन दिवस हात लावू देऊ नका. मग छिद्रं मेणाने बुजवा. पुढे नवीन छिद्र दिसलं की लगेच कळते.

भेग बुजवू नका! हे सगळेच चुकतात. आपल्याकडे मे महिन्यात ४५-४६ डिग्री, हवा कोरडी फटाक, लाकूड आकसते अन् भेग उघडते. लोक तेव्हाच तिच्यात लांबी (पुट्टी) भरतात. मग पाऊस सुरू झाला की लाकूड फुगते, भेगेला मिटायचं असते पण आत लांबी बसलेली, म्हणून बाजूला दुसरी भेग पडते. ती भेग म्हणजे नंदीचा श्वास आहे समजा, उन्हाळ्यात घेतो अन् पावसाळ्यात सोडतो. बस कूलरच्या झोताबाहेर ठेवा, एका बाजूने ओली हवा अन् दुसऱ्या बाजूने कोरडी लागली की लाकूड वाकडं होते. अन् पश्चिमेच्या खिडकीचं ऊनही नको.

रंग काढू नका, पॉलिश पेपर लावू नका. जवसाचं तेल लावा असं कोणीतरी सांगेलच, तर ते उघड्या लाकडाला, म्हणजे पोटाखाली अन् चाकांना, चिंधीने पुसटसं. रंगावर लावलं तर चिकट होते अन् धूळ धरते. अन् ती तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात फेकू नका बाप्पा, जवसाचं तेल वाळताना गरम होते, बोळा करून ठेवला तर आपोआप पेट घेते, आमच्या उन्हाळ्यात तर विचारूच नका. पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

बीम_कॉलम

स्लॅबची काळजी सोडा. घराच्या स्लॅबचा हिशोब चौरस मीटरला २०० किलो वजन धरून केलेला असतो, आणि तुमचा मोर दोन माणसांना उचलतो म्हणजे ४०-५० किलो असेल. तुमच्या वाढदिवसाला हॉलमध्ये जमणारे नातेवाईक त्याच्या कितीतरी पट होतात. दगडाचंही सांगतो, एक घनफूट दगड साधारण ७५ किलो भरतो, फूटभर तुकडा त्याच्याही आत.

खरी भीती पडायची आहे, मोडायची नाही. अडीच फूट उंच मोर, पिसारा मागे, पाय दोन, आणि घरात सात वर्षांचा मुलगा. रात्री मुलाने पिसारा धरून ओढला तर पुढचं मी लिहीत नाही. तळाला जाड लोखंडी प्लेट वेल्ड करून घ्या, पिसाऱ्याच्या टोकापासून सरळ खाली ओळंबा सोडला तर तो प्लेटच्या आत पडला पाहिजे, आणि प्लेटखाली रबर म्हणजे टाइल्सवर ओरखडे नाहीत. चमच्यांच्या कडांवरून बोट फिरवून बघा, धार असेल तर कानस मारा. गंजाला तारेचा ब्रश, मग मॅट क्लिअर लॅकर दोन हात. चमकीवाला लॅकर नको, वेल्डिंगचे डाग झाकले जातात, आणि त्या मोराची मजा त्या डागांतच असणार.

कोंडागाव_रिटर्न

जुनं-नवं एकत्र शोभतं का हा मूळ प्रश्न राहूनच गेला, सगळे दुरुस्तीतच अडकले.

माझ्याकडे छत्तीसगडमधल्या बस्तरचे पितळी घोडे आहेत, दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या क्राफ्ट मेळ्यात घेतलेले, नंतर वेड लागलं म्हणून तिकडे कोंडागावलाच जाऊन आलो. तिथले घडवा लोक, म्हणजे पितळ ओतणारे कारागीर, कसं करतात माहितीये, आधी मातीचा घोडा, त्यावर मेणाच्या बारीक तारा गुंडाळतात, शेवया पाडतो ना तशाच सोऱ्यातून काढलेल्या, मग वरून पुन्हा माती, मग भट्टी, मेण वितळून निघून जातं आणि त्या पोकळीत वितळलेलं पितळ. माती फोडली की घोडा बाहेर. साचा एकदाच वापरता येतो म्हणून दुसरा घोडा तंतोतंत तसा कधीच होत नाही. मोहेंजोदडोची नर्तकी याच रीतीने ओतलेली, जेमतेम साडेदहा सेंटिमीटरची आहे ती. आता हे जुनं म्हणायचं का नवं? माझा घोडा २०१६ चा आहे. मीरा मुखर्जी म्हणून मोठ्या शिल्पकार होत्या, शिकून आल्या जर्मनीत आणि मग बस्तरला जाऊन घडवा कारागिरांकडे बसून हे काम शिकल्या, त्यांची शिल्पं आधुनिकमध्ये धरतात. (जाता जाता, असा घोडा असेल तर नळाखाली धुवू नका, पोटात ती माती अजून असते, पाणी गेलं की महिनोन्महिने गळते.)

म्हणून मला वाटतं वय बघून जोड्या लावायच्याच नाहीत. कुठली वस्तू कुठल्या वस्तूशी बोलते ते बघायचं. तुमचा नंदी आणि तुमचा मोर ही जोडी आहे ताई, तुम्हाला दिसत नसेल पण मला इथं बसून दिसतेय. दोन्ही जनावरं, दोन्ही हाताने जोडून केलेली, दोन्ही कुणाच्या तरी हट्टापायी घरात आलेली. एकाला चाकं आहेत, दुसरा सायकलचा बनलाय. शेजारी शेजारी ठेवू नका, समोरासमोर ठेवा, मध्ये तुमचा मुलगा खेळेल. दीपलक्ष्म्या जोडीनेच ठेवा, पण दरवाज्याच्या दोन बाजूंना शोरूमसारख्या नको, एकाच फळीवर थोड्या तिरप्या.

आणि अलिबागजवळ सासवण्याला कधी गेलात तर करमरकरांचं घर बघा, विनायक पांडुरंग करमरकर, १९२८ मध्ये पुण्याचा शिवरायांचा अश्वारूढ पुतळा केला ते. घरच संग्रहालय आहे. घरभर, अंगणभर माणसं आणि जनावरं, बरीचशी साध्या सिमेंटची, आणि कुठलीच मांडून ठेवल्यासारखी वाटत नाहीत, राहायला आल्यासारखी वाटतात.

अबे_थांब

"समोरासमोर ठेवा" हे वाचून मला नंदी अन् मोराची कुस्तीच दिसली डोळ्यासमोर 😄

वाड्यातली_सून

मंडळी, तीन आठवड्यांनी येऊन राहिले, पण काम करून आले.

शोकेस रद्द. त्या पैशात तीन लाईटचे पॉइंट निघाले आणि पैसे उरले, हे आधी कुरकुरले पण आता पाहुण्यांना टॉर्चचा किस्सा स्वतःच सांगतात. दीपलक्ष्म्या सासूबाईंनी स्वतः साबणपाण्याने धुतल्या, मेण लावलं, एका लाकडी फळीवर आहेत, कूलरपासून लांबच्या भिंतीवर. समईची_वात ताई, मी दोघींच्या कपाळावरून बोट फिरवून बघितलं. डावीला खळगा आहे. उजवीला नाही. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "उजवीला हात पोचत नव्हता, मधे घंटा होती."

दगडाचे फोटो आणि सासऱ्यांची चिठ्ठी घेऊन हे पुरातत्त्ववाल्यांच्या ऑफिसला जाऊन आले, अर्ज दिला आहे, बघू. तोवर तो एका कोनाड्यात आहे, हो, इंटेरियरवाल्याकडून कोनाडाच करून घेतला, त्याला तेवढं तरी काम. बुद्धाचं डोकं मित्रालाच परत दिलं, सांगून, समजावून. त्याच्या जागी सध्या काहीच नाही आणि बरं वाटतं.

काळ्या कागदावर भुसा पडला नाही. मोराला प्लेट लागली, तो खिडकीजवळ आहे आणि नंदी समोर टीव्हीच्या बाजूला वीतभर पाटावर. पोट्टा शाळेतून आला की आधी नंदीला दप्तर अडकवतो, शिंगाला. मी ओरडत होते, सासरे म्हणाले, मीही हेच करायचो.

एकच राहिलं. पुढचं उजवं चाक ढिलं आहे, आस झिजलाय, पाटावरून उतरवला की तिरका चालतो. पोळ्याला बाहेर काढायचाय. नवीन चाक नको, तेच बसवून देईल असा कोणी?

रंधा_आणि_पटाशी

चितार ओळीत, मूर्तिकारांच्या गल्लीत, विचारा, नाहीतर कुठल्याही जुन्या सुताराला दाखवा, आसाला सागाची खुंटी नवीन करायची अन् चाकाच्या भोकात पातळ पट्टी, तासाभराचं काम आहे. फक्त आत्ताच जा. पोळा आठ दिवसांवर आला की कोणी दारात उभं करत नाही, मीसुद्धा नाही.